बीकन ‘ऑप्शनल’ असतं का? गुलमर्गला निघालेल्या पोराची आई विचारतेय

रामबागवाली
नमस्कार मंडळी. आमचे चिरंजीव (वय २४) आणि त्याचे दोन मित्र फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन राहिलेत, स्कीइंगला. मागच्या वर्षी त्याने तिथेच १४ दिवसांचा बेसिक कोर्स केला तेव्हा मी काही बोलले नाही, कोर्स म्हणजे शिकवणारे सोबत असतात आणि खालचाच उतार असतो. या वेळी म्हणतो गंडोलाच्या (तारेवरच्या केबिनच्या) फेज टूने पार वर जाणार आणि पिस्ट सोडून बाजूच्या कोऱ्या बर्फात उतरणार. काल त्याच्या टेबलावर खर्चाचा कागद सापडला (शोधत नव्हते, धूळ पुसत होते). मालवा एक्स्प्रेस महू ते कटरा, पुढे वंदे भारत श्रीनगरपर्यंत, हॉटेल, गंडोला, स्की भाड्याने, गोप्रोसुद्धा भाड्याने. आणि सगळ्यात खाली पेन्सिलने, ‘बीकन + प्रोब + फावडं, ऑप्शनल, बघू’.

स्कीइंगला फावडं कशाला, हे मी नेटवर वाचलं (बीकन म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा पत्ता देणारं सिग्नलचं यंत्र, प्रोब म्हणजे टोचून शोधायची लांब काठी, फावडं त्याला खणून काढायला) आणि रात्रभर झोप नाही. खरंच ऑप्शनल असतं का हे? घाबरवू नका, पण माझं मन राखायला खोटंही सांगू नका.

भिया_इंदोरी
काकू, फावडं बर्फाचा गोळा करायला, वरून काला खट्टा घालायचा 😄

गंमत सोडा. माझा साडू दोनदा जाऊन आलाय, काही होत नाही, इतके लोक जातात. फक्त पोराला म्हणावं डोंगरात जोरात ओरडू नको, आवाजाने बर्फ खाली येतो.

स्कीम७८
भिया, ओरडल्याने काही होत नाही, ते सगळं सिनेमातलं. माणसाच्या आवाजात बर्फाचा थर तोडण्याइतका दम नसतो. थर तुटतो तो वजनाने, आणि ते वजन बहुतेक वेळा आपलंच. जे लोक एव्हलांचमध्ये (हिमस्खलनात) सापडतात त्यांच्यातल्या साधारण दहापैकी नऊ जणांच्या बाबतीत ती एव्हलांच त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सुरू केलेली असते. म्हणजे डोंगर येऊन आपल्यावर पडत नाही, आपण जाऊन त्याचं बटण दाबतो.

काकू, मी पाच सीझन गुलमर्गला गेलोय, एक्स्पर्ट वगैरे नाही, शनिवारपर्यंत नोकरी करणारा माणूस आहे. तरी सांगतो. पिस्ट म्हणजे आखलेला, दाबून सपाट केलेला रस्ता, त्याची जबाबदारी कुणीतरी घेतलेली असते. गुलमर्गला फेज वन कोंगदूरीपर्यंत नेतो, साधारण ३,००० मीटर, आणि फेज टू अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० च्या पुढे. वर उतरल्यावर गंडोलाच्या तारेखालचा पट्टा स्की पेट्रोलवाले (उतारांवर गस्त घालणारे) बघतात, धोका वाटला तर बंद ठेवतात. त्या पट्ट्याच्या डावीकडे-उजवीकडे गेलात की कुणी काही बघितलेलं नसतं. आणि गंमत अशी की पट्ट्याच्या हद्दीला लावलेल्या दोरीच्या आतला आणि बाहेरचा बर्फ दिसायला अगदी सारखा, उलट बाहेरचा जास्त सुंदर दिसतो कारण त्यावर कुणाचे पाय नसतात. केबिनमधून उतरून वीस पावलं चाललं की आपण हिमालयात असतो पण मनाने अजून लिफ्टच्या लाइनीतच उभे असतो, सगळा घोळ इथेच होतो.

१ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात एव्हलांच आली, दोन पोलिश स्कीअर गेले, १९ जणांना बाहेर काढलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये परत, एक रशियन स्कीअर गेला. ही सगळी चांगली स्की करणारी माणसं होती. ऑप्शनल आहे का, तर दोरीच्या आत राहणार असाल तर हो. बाहेर जाणार असाल तर तिघांकडे तीन सेट नसतील तर जाऊच नये, असं माझं सरळ मत.

भिया_इंदोरी
बरं बाबा, ओरडण्याचं मागे घेतो. साडूला विचारलं, तो फेज वनलाच फोटो काढून खाली आला होता दोन्ही वेळा 🙏

महूकर_निवृत्त
सौ. रामबागवाली, नमस्कार. मी फौजेतून रिटायर होऊन आता महूत असतो, खोऱ्यात बरीच वर्षं काढली. तुम्ही खोटं नको म्हणालात म्हणून लिहितो. ८ फेब्रुवारी २०१० ला गुलमर्गच्या वर खिलनमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या लोकांवर एव्हलांच आली, १७ जवान गेले. ज्यांचं रोजचं कामच बर्फात आहे अशी ती माणसं. तेव्हा ‘आम्ही फिट आहोत’ किंवा ‘आम्हाला येतं’ हे बर्फाला सांगून उपयोग नाही.

आता हे होतं कसं ते सांगतो, कारण पोरं कारण कळलं तरच ऐकतात. डिसेंबरात थोडाच बर्फ पडतो, मग आठ-दहा दिवस लख्ख ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर उणे दहा-पंधरा. या फरकाने खालच्या बर्फातली वाफ वर सरकत राहते आणि खालचा थर साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो, मुठीत धरला तर गोळा होत नाही. मग चिल्लई कलानमध्ये (२१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस) मोठी बर्फवृष्टी होते आणि त्या साखरेवर जाड थर बसतो. वारा आला की तो एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या पाठीमागे नेऊन रचतो, तिथे हा थर आणखी जाड आणि घट्ट होतो. याला स्लॅब म्हणतात. तुम्ही घरी परातीत साबुदाणा पसरा, त्यावर एक फरशी ठेवा आणि परात हळूहळू तिरकी करा. बराच वेळ काही होणार नाही. मग एकदम.

उताराचं म्हणाल तर ३० ते ४५ अंश हा धोक्याचा पट्टा, ३८ च्या आसपास सगळ्यात वाईट. त्यापेक्षा सपाट असेल तर सहसा सुटत नाही, फार उभा असेल तर बर्फ टिकतच नाही, थोडा थोडा आपणच गळत राहतो. ३५ म्हणजे किती, तर आपल्या घराचा जिना बघा, सात इंच चढ आणि दहा इंच पायरी असेल तर ३५ अंशच निघतात. चांगला स्कीअर नेमका याच उताराच्या शोधात असतो, दुर्दैव.

एकदा गस्तीवर चालताना पायाखालून आवाज आला, ‘व्हूम्फ’ असा, जाड गादीवर कुणी धप्पकन बसावं तसा, आणि सगळी जमीन दोन बोटं खाली बसल्यासारखी वाटली. उस्तादने हात वर केला, एक शब्द बोलला नाही, आणि आम्ही आपल्याच पावलांवर पाय ठेवत एकेक करून मागे फिरलो. तो आवाज म्हणजे खालची साखर कोसळल्याचा आवाज. सपाटीवर होतो म्हणून वाचलो.

पावडर_डेज
आई????

माझ्या ऑफिसमधल्या एकाने ही लिंक पाठवली. ‘रामबागवाली’, २४, गुलमर्ग, मालवा एक्स्प्रेस, कोण असणार दुसरं. घरात गोष्ट करायची ना माझ्याशी.

असो, आलोच आहे तर बोलतो. (१) आम्ही एव्हलांचच्या धोक्याचं बुलेटिन बघणार आहोत, ५ पैकी ३ च्या वर असेल तर जाणार नाही. (२) आधी कुणी उतरलेलं असेल, ट्रॅक दिसत असतील तिथेच जाणार. (३) झाडांमधून जाणार, झाडांत एव्हलांच येत नाही. (४) एकाकडे एअरबॅग (हँडल ओढलं की फुगणारी पाठीवरची बॅग) असणार, भाड्याने मिळते. फावडं ‘ऑप्शनल’ म्हणजे बजेटमध्ये बसलं तर, इतकंच होतं ते.

रामबागवाली
घरात गोष्ट केली तर तू हेडफोन घालतोस.

स्कीम७८
पावडर, स्वागत आहे 😀 आईवर चिडू नको, उलट बरं झालं, नाहीतर मी पण हे लिहिलं नसतं.

३ चं बघ. ५ पैकी ३ म्हणजे शाळेतले साठ टक्के नव्हेत. हा आकडा एकने वाढला की धोका एकने वाढत नाही, पटीने वाढतो. युरोपात जे लोक एव्हलांचमध्ये दगावतात त्यातले सगळ्यात जास्त ३ च्याच दिवशी, कारण ४ आणि ५ ला लोक घाबरून खालीच थांबतात आणि ३ ला सगळ्यांना वाटतं ‘मधलं आहे, चालतंय’. ३ चा अर्थ एका माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो. तेवढंच तर वजन घेऊन तू जाणारेस.

ट्रॅकचं. आधीच्या माणसाचा ट्रॅक इतकंच सांगतो की तो माणूस गेला. कमजोर थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो, कुठे एक मीटर खाली तर कुठे खडकाजवळ एका विताच्या खाली, आणि दहावा माणूस नेमका त्या पातळ जागेवर वळला की सगळं निघतं. मॅककॅमन म्हणून एका अमेरिकन संशोधकाने ७१५ अपघात तपासले होते, त्याचं म्हणणं हेच की माणसं बर्फ वाचण्यात कमी आणि अशा शॉर्टकट विचारांत जास्त फसतात. ओळखीची जागा आहे, दुसरे जात आहेत, आपला लीडर हुशार आहे, आता इतक्या लांब आलोच आहोत. मालवा एक्स्प्रेसचा तो आख्खा प्रवास करून आलेला माणूस ‘आज नको’ म्हणायला किती तयार असेल ते तूच सांग.

आणि झाडं. ज्या झाडांमधून आरामात स्की करता येते, त्या झाडांमधून बर्फही आरामात येतो. फरच्या झाडांच्या डोंगराकडच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या आणि उताराकडच्या बाजूच्याच शाबूत दिसल्या तर समजायचं हा बर्फाचा रस्ता आहे. वर खोडावर आपटण्याचा बोनस.

महूकर_निवृत्त
बुलेटिनबद्दल एक. चंदीगडच्या डीजीआरईचं (डीआरडीओची संस्था) येतं, पूर्वी मनालीचं सासे होतं तेच. इशारा जिल्ह्याचा असतो, ‘बारामुल्ला, अमुक मीटरच्या वर’ असा. तुझ्या समोरच्या उताराचा नसतो. सकाळी पेट्रोलच्या माणसाला समोर जाऊन विचारायचं, रात्री वारा कुठून होता आणि आज काय बंद आहे. लाजायचं नाही.

डॉ_पागनीसपागा
उशिरा आलो, ओपीडी होती. वैद्यकीय बाजू थोडक्यात.

पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर आला तर दहापैकी नऊ जगतात. पस्तीस मिनिटांपर्यंत हेच प्रमाण दहापैकी तीनच्या आसपास येतं. लोकांना वाटतं थंडीने मरतात, नाही, थंडीला वेळ लागतो. साधारण तीन चतुर्थांश गुदमरून जातात आणि बाकीचे बहुतेक मार लागून. आपलाच श्वास तोंडासमोरचा बर्फ वितळवतो, तो लगेच परत गोठतो आणि तोंडावर बर्फाचा मुखवटा तयार होतो, त्यातून हवा जात नाही. शिवाय वाहताना पिठासारखा वाटणारा बर्फ थांबल्या क्षणी सिमेंटसारखा घट्ट बसतो, हाताचं बोटही हलत नाही. स्वतः खणून बाहेर येणं विसरा.

मग त्या पंधरा मिनिटांत कोण येणार? पेट्रोल कितीही चांगलं असलं तरी त्यांना कळून, ते निघून, पोचेपर्यंत वेळ गेलेला असतो. येणार ते तुझे दोन मित्रच. म्हणून ते बीकन तुझ्यासाठी नाहीच रे बाबा, ते तुझ्या मित्रासाठी आहे. तुझं फावडं त्याच्यासाठी, त्याचं तुझ्यासाठी. एकाने घेऊन दोघांनी न घेणं म्हणजे एकट्याने फोन विकत घेण्यासारखं झालं.

पावडर_डेज
ओके. हे मी असं पाहिलं नव्हतं. पण एअरबॅग तर माझ्यासाठीच असते ना?

स्कीम७८
एअरबॅग चांगली आहे, खोटं नाही. तिचं तत्त्व तुझ्या घरात रोज बघतोस. मिक्स्चरचा डबा हलवला की शेंगदाणे आणि पापडी वर, बारीक शेव आणि चुरा तळाला. हलत्या दाण्यांत मोठी वस्तू वर येते. एअरबॅग तुला मोठा करते, म्हणून तू वर राहण्याची शक्यता वाढते. पण डबा हलत असेल तोपर्यंतच. बर्फ एखाद्या नाल्यात जाऊन थांबला आणि मागून आणखी येत राहिला तर काही उपयोग नाही. झाडावर आपटलास तर नाही. आणि घाबरलेल्या माणसाला हँडल ओढायचं सुचावं लागतं.

बीकनचं बेसिक सांगतो. सगळे ४५७ किलोहर्ट्झवर चालतात त्यामुळे कंपनी वेगळी असली तरी एकमेकांना ऐकू येतात. अंगाला बांधायचं, जॅकेटच्या आत, बॅगेत नाही, कारण बॅग निघून जाते. अल्कलाइन सेल, रिचार्जेबल नको. फोन त्यापासून एक वीत लांब, आणि शोधताना हातभर लांब, नाहीतर काटा वेड्यासारखा फिरतो (तुझा तो गोप्रो पण). सकाळी निघताना एकाने पुढे उभं राहून बाकीच्यांना एकेक करून समोरून जायला सांगायचं, प्रत्येकाचं ‘सेंड’ ऐकू येतंय ना. काही जॅकेटमध्ये रेक्कोचा (सिग्नल नुसता परत फेकणारा) तुकडा शिवलेला असतो, तो पेट्रोलच्या मशीनसाठी, त्याला बीकन समजू नको.

माझ्याकडे दोन सेट आहेत. रविवारी सकाळी ये आमच्या गल्लीत, शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, वाळूचा मोठा ढीग पडलाय. ठेकेदार ओळखीचा आहे.

भिया_इंदोरी
मी पण येणार. पोहे-जलेबी माझ्याकडून.

रामबागवाली
रविवारचा वृत्तान्त मीच देते, कारण तिघंही हात दुखतात म्हणून टाइप करत नाहीयेत.

स्कीम७८ यांनी आदल्या रात्रीच गहू भरायच्या पोत्यात वाळू भरून, आत बीकन चालू करून, पोतं कुठेतरी पुरलं होतं, साधारण माझ्या कमरेइतकं खोल. पोरांना फक्त म्हणाले ‘तुमचा मित्र इथे आहे’ आणि घड्याळ लावलं. आमचे साहेब बीकन घेऊन धावतच सुटले, बाण दाखवेल तिकडे. आकडा ३० वरून १२ वर आला, मग ६, मग परत ११, कारण घाईत पुढे निघून गेले. स्कीम७८ म्हणाले जवळ आल्यावर विमान उतरतं तसं, हळू आणि खाली, जमिनीला टेकवून. मग प्रोब घेऊन गोल गोल, प्रत्येक वेळी एक वीत बाहेर टोचत जायचं. पाचव्या-सहाव्यांदा मऊ लागलं. माझ्या हातात प्रोब दिला आणि म्हणाले काकू, तुम्ही पण टोचून बघा. वाळूत टोचताना खर्र होतं आणि पोत्याला लागलं की तो जरासा परत उसळतो. तो उसळणं माझ्या हाताला अजून आठवतंय.

इथपर्यंत सहा मिनिटं झाली होती. मला वाटलं झालं. मग खणायला घेतलं आणि खरी मजा तिथे आली. भिया सरळ प्रोबच्या वरच उभे राहून खणायला लागले, तर स्कीम७८ ओरडले, मित्राच्या छातीवर उभा आहेस! उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं म्हणे, आणि एकाने खणायचं, मागच्याने माती मागे ओढायची, मिनिटा-मिनिटाला जागा बदलायची. माणूस एक मीटर खाली असेल तर टन-दीड टन बर्फ हलवावा लागतो. आमचं पोतं दिसेपर्यंत एकोणीस मिनिटं झाली होती. कुणीच काही बोललं नाही. मग ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला, भैया, ये रेती वापस जमा के जाना.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा अकरा मिनिटं लागली. तिसऱ्यांदा पोहे थंड झाले म्हणून केलं नाही.

डॉ_पागनीसपागा
एकोणीसचं अकरा हे खरं औषध.

महूकर_निवृत्त
शाब्बास. पोरांनो, खाली उतरताना पण एकेकच, बाकीचे आडोशाला उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. तिघं एकदम गेलात तर शोधणारा उरत नाही.

पावडर_डेज
गुलमर्गहून परत आलो, कालच. ज्यांनी इतकं लिहिलं त्यांना सांगणं भाग आहे.

पहिले दोन दिवस वाऱ्याने फेज टू बंद. कोंगदूरीला बसून कहवा पीत होतो आणि पैसे जळताना बघत होतो. तिसऱ्या दिवशी उघडलं, आकाश असं निळं की डोळे दुखावेत. लोकल गाइड घेतला होता, पन्नाशीचा, फार कमी बोलणारा. तारेखालच्या पट्ट्यात दोन रन झकास झाले. मग दोरीबाहेर ज्या उतारासाठी आम्ही आलो होतो तिथे वर जाऊन उभे राहिलो. कोरा, एकही रेघ नाही. वर कड्याला वाऱ्याने केलेला बर्फाचा छज्जा बाहेर आलेला. फोनवर कोन मोजला, ३६. गाइडने काठी उलटी करून बर्फात घातली, दोन फूट कडक लागली आणि मग एकदम भसकन आत गेली. त्याने मला पण घालायला लावली. अगदी तसंच. साबुदाणा. त्याने मान हलवली आणि स्की वळवल्या.

आम्ही निघतोय तोच दुसरा एक ग्रुप आला, पाच जण, आमच्याच वयाचे. आमच्यासमोर एकामागून एक, जवळजवळ एकत्रच, किंचाळत खाली गेले. आणि काही झालं नाही. काहीच नाही. उतारावर पाच सुंदर रेघा. खरं सांगतो, मला त्या क्षणी गाइडचा राग आला, मित्र तर म्हणाला आपण येडे आहोत. गाइडला विचारलं की हे गेले ना सगळे. तो म्हणाला, ‘गए। शीन ने कुछ बोला नहीं।’ (शीन म्हणजे बर्फ) आणि चालायला लागला. मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो, की ते पाच जण आता घरी जाऊन सांगणार, काही होत नाही. भियाच्या साडूसारखं. आणि पुढच्या वेळी ते याहून उभा उतार घेणार, कारण या वेळी जमलं.

बाकी चार दिवस आत आणि तीस अंशांच्या खालच्या उतारांवर काढले. गोप्रोत काही खास नाही.

भिया_इंदोरी
साडूला यातून वगळा यार 😄 सुखरूप आलात, बस.

रामबागवाली
कपडे अजून बॅगेतच आहेत, आधी ते धुवायला टाक. आणि दादांचे सेट परत केलेस का?

पावडर_डेज
सेल काढून, पुसून ठेवलेत. दादा, रविवारी आणून देतो. दोघं मित्र म्हणतायत अजून एकदा प्रॅक्टिस करू, वाळू आहे ना?

स्कीम७८
वाळू संपली रे. गुरुवारी स्लॅब पडला.

रामबागवाली
कुठे????

स्कीम७८
काकू, शेजारच्या घराचा.